'बाम' या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोके दुखले, पाठ भरली किंवा नाक चोंदले की मराठी घरात जी छोटी बाटली शोधली जाते, तिच्यावरचा शब्द इंग्रजी आहे आणि तो इंग्रजीतही परका आहे. या शब्दाबद्दल आणि त्याच्या भावंडांबद्दल वाचकांना पडणारे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे सांगण्यासारखे खरोखरच पुष्कळ आहे.

'बाम' या शब्दाचा नेमका अर्थ काय?

आजच्या इंग्रजीत 'बाम' म्हणजे कातडीवर चोळण्याचे, बहुतेक वेळा वासाचे आणि दुखणे किंवा दाह शमवणारे मलम. त्यावरून मनाला दिलासा देणाऱ्या कोणत्याही गोष्टीला, म्हणजे चांगल्या बातमीला, संगीताला किंवा आपुलकीच्या चार शब्दांनाही, इंग्रजीत लक्षणेने 'बाम' म्हणतात. मात्र हे दोन्ही अर्थ नंतरचे आहेत. मुळात हा शब्द एका विशिष्ट झाडाच्या सुगंधी डिंकाचे नाव होता. पुढे तशा वासाच्या कोणत्याही राळेला तो लागू झाला, त्यानंतर ती राळ घालून केलेल्या तेलाला आणि मलमाला, आणि अखेरीस राळ पार निघून गेली तरी मलमाला चिकटून राहिला.

औषधनिर्माणशास्त्रात ऑइंटमेंट आणि क्रीम या शब्दांना ठरलेल्या व्याख्या आहेत. ऑइंटमेंट स्निग्ध आधारावर केलेले असते, तर क्रीममध्ये तेल आणि पाणी एकजीव केलेले असते. 'बाम'ला अशी काटेकोर व्याख्या नाही. त्यामुळे ओठांना लावायच्या मेणकांडीपासून दाढीला लावायच्या लोण्यासारख्या पदार्थापर्यंत कशालाही उत्पादक 'बाम' म्हणू शकतात, आणि म्हणतातच.

हा शब्द इंग्रजीत कोठून आला?

फ्रेंचमधून. तेराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो इंग्रजी लिखाणात 'बास्म', 'बाउम' अशा रूपांत सापडतो, आणि ही रूपे जुन्या फ्रेंचमधून जशीच्या तशी उचललेली आहेत. फ्रेंचमध्ये तो लॅटिन 'बाल्सामुम'वरून आला, लॅटिनमध्ये ग्रीक 'बाल्सामोन'वरून, आणि ग्रीकांनी तो पश्चिम आशियातील सेमिटिक भाषांकडून घेतला. हिब्रूतील 'बोसेम' म्हणजे सुगंधी द्रव्य आणि अरबीतील 'बशाम' हे त्या झाडाचे नाव, ही दोन्ही त्याच मुळाची रूपे आहेत. म्हणजे माल जसा अरबस्तानातून भूमध्य समुद्राकडे आणि तेथून युरोपात गेला, तसाच त्याच्याबरोबर शब्दही गेला.

आता एक बारीक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातला सर्वांत मनोरंजक भाग तोच आहे. सेमिटिक मुळात ब, स, म एवढीच व्यंजने आहेत. मग ग्रीकांच्या 'बाल्सामोन'मध्ये 'ल' आला कोठून? याचे उत्तर असे, की त्या मुळातला 'स' आपल्यासारखा साधा नव्हता. प्राचीन सेमिटिक भाषांत 'स'चा एक प्रकार होता, ज्याच्या उच्चारात जिभेचे टोक वर टेकून हवा दोन्ही कडांनी घासत बाहेर पडे. 'ल' आणि 'ळ' उच्चारताना हवा जिभेच्या कडांनीच जाते, त्यामुळे परक्या कानाला त्या 'स'मध्ये 'ल' ऐकू येणे साहजिक होते. ग्रीकांकडे त्या ध्वनीसाठी अक्षर नव्हते, म्हणून त्यांनी 'ल' आणि 'स' अशी दोन अक्षरे वापरून तो लिहिला. प्राचीन हिब्रूत हा ध्वनी खरोखरच असा होता हे दाखवताना भाषाशास्त्रज्ञ जे पुरावे देतात, त्यांत 'बाल्सामोन' हा शब्द हटकून असतो. हा ध्वनी जगातून नाहीसाही झालेला नाही. येमेन आणि ओमानच्या सीमाभागात बोलल्या जाणाऱ्या मेहरीसारख्या भाषांत तो आजही ऐकू येतो.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एल' आहे, मग तो उच्चारत का नाहीत? मराठीत 'बाम' लिहावे की 'बाल्म'?

फ्रेंच बोलीत व्यंजनापूर्वीचा 'ल' विरघळून त्याचा 'उ' झाला, आणि इंग्रजीने शब्द घेतला तो याच 'ल' नसलेल्या रूपात. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या विद्वानांना आपले शब्द लॅटिनच्या जवळ दिसावेत असे वाटू लागले आणि त्यांनी जुन्या लॅटिन रूपाकडे पाहून कित्येक शब्दांत न उच्चारली जाणारी अक्षरे घातली. 'डेट' म्हणजे कर्ज, या शब्दातला मुका 'बी' असाच बसला, आणि 'बाम'मधला 'एल'ही त्याच सुमाराचा. लिहिणाऱ्यांनी तो घातला, बोलणाऱ्यांनी त्याची दखल घेतली नाही. अमेरिकेत काही लोक अलीकडे स्पेलिंग पाहून तो उच्चारतात, एवढेच.

तेव्हा मराठीत 'बाम' हेच बरोबर. आपण हा शब्द उच्चारावरून घेतला आहे, अक्षरांवरून नव्हे. 'बाल्म' असे लिहिण्यात जास्तीची शुद्धता काहीच नाही.

मूळ बाम कोणत्या झाडापासून मिळत असे?

वनस्पतिशास्त्रात त्या झाडाला कॉमिफोरा गिलियाडेन्सिस म्हणतात. अरबस्तानाचा दक्षिण भाग आणि आफ्रिकेचे शिंग या कोरड्या प्रदेशांत ते आपोआप उगवते. ते फार उंच वाढत नाही, झुडूपच म्हणावे असे असते. प्राचीन काळी त्याची लागवड मृत समुद्राजवळ, यरीहो आणि एन गेदी येथील बागांत केली जाई. शबाच्या राणीने या झाडाचे मूळ शलमोन राजाला भेट म्हणून आणले, अशी कथा पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याने नोंदवली आहे. कथा म्हणूनच ती वाचावी, पण झाड दक्षिणेकडून आणून लावलेले होते ही आठवण तिच्यात शिल्लक दिसते.

रोमन लेखक प्लिनी याने डिंक काढण्याची रीत बारकाईने लिहून ठेवली आहे. सालीला चीर द्यायची ती काचेने, दगडाने किंवा हाडाच्या सुरीने. लोखंड आतल्या गाभ्याला लागले तर झाड मरते, अशी त्या काळची समजूत होती. चिरेतून थेंबाथेंबाने येणारा रस लोकरीच्या बोळ्याने टिपून लहान शिंगांत गोळा करीत. अलेक्झांडरच्या काळी उन्हाळ्याचा अख्खा दिवस खपून एक शिंपलाभर माल निघत असे, असेही तो सांगतो. रोमने यहुदिया, म्हणजे मृत समुद्राजवळचा ज्यूंचा हा प्रदेश, जिंकला तेव्हा हताश झालेल्या ज्यूंनी ही झाडे तोडून टाकण्याचा प्रयत्न केला, रोमन सैनिकांनी ती वाचवली आणि एका झुडपासाठी लढाया झाल्या. इसवी सन ७० नंतरच्या विजययात्रेत सम्राट व्हेस्पेशियन आणि त्याचा मुलगा टायटस यांनी हे झाड रोमच्या रस्त्यांवरून मिरवले. पुढे बागा सरकारजमा झाल्या. सरकारी खजिना एक सेक्स्टारियस, म्हणजे साधारण अर्धा लिटर, बाम ३०० दिनारांना विकत असे आणि व्यापारी तोच पुढे १,००० दिनारांना. छाटणीत निघालेल्या फांद्याही वाया जात नसत. पाच वर्षे पुरी व्हायच्या आत त्यांचे ८,००,००० सेस्टर्स (दिनाराहून लहान रोमन नाणी) आले, असा प्लिनीचा हिशेब आहे.

एन गेदीच्या जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, जमिनीवरच्या खड्यांच्या नक्षीत एक अरामी लेख सापडला आहे. गावाचे गुपित जो परक्यांना सांगेल त्याला त्यात शाप दिलेला आहे. गुपित कोणते हे लेखात उघड केलेले नाही, परंतु अनेक अभ्यासकांच्या मते ते बाम तयार करण्याचे असावे. एका पिकावर अख्ख्या गावाचे पोट असले की असा शाप अतिशयोक्त वाटत नाही.

बायबलमधील 'गिलादचा बाम' म्हणजे हाच का?

बहुधा नाही, आणि येथे बराच गोंधळ आहे. गिलाद हा यार्देन नदीच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रदेश. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाला विकत घेणारा व्यापाऱ्यांचा तांडा गिलादहून उंटांवर सुगंधी माल लादून मिसरकडे, म्हणजे इजिप्तकडे, निघालेला दिसतो, आणि यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांच्या जखमा भरत नाहीत हे पाहून गिलादात औषध उरले नाही काय असे विचारतो. या दोन्ही ठिकाणी मूळ हिब्रू शब्द 'त्सोरी' आहे, 'बोसेम' नव्हे. 'त्सोरी' म्हणजे एक प्रकारची राळ, एवढे निश्चित. जुन्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांनीही तेथे 'राळ' असेच म्हटले होते.

'बाम' हा शब्द तेथे आणला सोळाव्या शतकातील इंग्रजी भाषांतरांनी. मात्र तो लगेच पक्का झाला नाही. १५६८ च्या बिशप्स बायबलमध्ये त्या जागी 'ट्रीकल' असा शब्द आहे. त्या काळी त्याचा अर्थ विषावरचा उतारा असा होता, पण पुढे तोच शब्द उसाच्या काकवीला लागू झाला आणि ती आवृत्ती 'काकवीचे बायबल' म्हणून थट्टेचा विषय बनली. १६११ च्या किंग जेम्स भाषांतराने 'बाम' कायम केला, आणि त्या भाषांतराच्या प्रचंड प्रसारामुळे 'गिलादचा बाम' हा इंग्रजीत रामबाण उपायाचा वाक्प्रचार झाला. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्याच नादात अरबस्तानातल्या झाडाला 'गिलियाडेन्सिस' असे नाव दिले. ते झाड गिलादच्या थंड डोंगरात वाढत होते असे मानायला आधार नाही.

या वादात अलीकडे एका झाडाची भर पडली आहे. यहुदियाच्या वाळवंटातील एका गुहेत १९८० च्या दशकात एक जुने बी सापडले होते. ते २०१० मध्ये पेरले असता उगवले. कार्बन पद्धतीने त्याचे वय काढल्यावर ते दहाव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यानचे ठरले. संशोधकांनी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षानुसार ते कॉमिफोरा प्रजातीतलेच झाड आहे, पण त्याला सुगंध नाही. त्यात जखमा भरण्याशी आणि सूज उतरण्याशी संबंध असलेली रसायने मात्र आहेत. त्यावरून, सुगंधासाठी गाजलेला यहुदियाचा बाम हा नव्हे, तर बायबलमधील 'त्सोरी' कदाचित हाच असावा, असा तर्क त्यांनी मांडला आहे. एका बियाण्यावरून शेवटचा निकाल लागत नाही, पण 'बोसेम' आणि 'त्सोरी' या दोन वेगळ्या वस्तू होत्या या मताला त्यामुळे बळ मिळते.

वाक्प्रचाराची किंमत औषधविक्रेत्यांनी फार पूर्वीच ओळखली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लिव्हरपूलमध्ये सॅम्युएल सॉलोमन नावाच्या गृहस्थाने 'कॉर्डियल बाम ऑफ गिलियाड' या नावाचे पोटात घेण्याचे औषध विकून अमाप पैसा केला आणि आपल्या हवेलीचे नावही 'गिलियाड हाउस' ठेवले. आपल्याकडे २०२१ च्या कोविड लाटेत ज्याच्यासाठी रांगा लागल्या, ते रेमडेसिविर मूळ ज्या अमेरिकन कंपनीचे, त्या गिलियड सायन्सेसचे नावही याच गिलादवरून घेतलेले आहे.

हे झाड भारतात आढळते का?

ते स्वतः नाही, पण त्याचे सख्खे नातलग आपल्या परिचयाचे आहेत. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागातून येणारा गुग्गुळ आणि बाळंतिणीच्या औषधांत वापरला जाणारा हिराबोळ ही दोन्ही कॉमिफोरा प्रजातीचीच द्रव्ये. सातपुड्यात आणि विदर्भाच्या जंगलांत दिसणारी सालई त्याच कुळातली, थोडी दूरची. धुपाच्या निखाऱ्यावर गुग्गुळ टाकल्यावर जो कडवट-गोडसर वास घरभर पसरतो, त्यावरून प्राचीन बामच्या वासाची जात कोणती असेल याचा अंदाज करता येतो.

'बाम' आणि 'बाल्सम' हे दोन वेगळे शब्द आहेत का?

मूळ एकच, वाटा दोन. 'बाम' फ्रेंचच्या वाटेने झिजत आला, तर 'बाल्सम' थेट लॅटिनमधून, अक्षरे शाबूत ठेवून. गंमत अशी, की 'बाल्सम' इंग्रजीत 'बाम'च्या आधी येऊन गेला होता. नवव्या शतकातील इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याला जेरुसलेमच्या धर्मगुरूने औषधांची माहिती पाठवली होती आणि तीत बाल्समही होते, अशी नोंद त्या काळच्या इंग्लंडमधील एका वैद्यकग्रंथात आहे.

आज दोघांनी कामे वाटून घेतली आहेत. 'बाम' चोळायचा, 'बाल्सम' हे बहुतेक वेळा द्रव्याचे किंवा वनस्पतीचे नाव. फार्मसीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात ती व्याख्या अशी, की ज्या राळेत बेन्झोइक किंवा सिनॅमिक आम्ल असते ती बाल्सम. या व्याख्येत लोबान बसतो, टोलू बाल्सम बसते आणि पेरू बाल्समही बसते. त्यातले पेरू बाल्सम पेरू देशातले नाही. ते एल साल्वादोरमध्ये तयार होते, पण एके काळी पेरूच्या काय्याओ बंदरातून युरोपला जात असल्याने त्याला बंदराच्या देशाचे नाव पडले. उलट ज्या झाडाने या सगळ्याला नाव दिले, त्याचा डिंक या व्याख्येत बसत नाही!

बाकी 'बाल्सम' हे नाव इंग्रजीत कोठेही लागलेले दिसेल. आपला तेरडा हा त्यांचा 'गार्डन बाल्सम', आणि त्याचे शास्त्रीय नाव इम्पेशन्स बाल्समिना. कारल्याला 'बाल्सम पेअर' असेही म्हणतात. इटलीतील मोडेना शहराचे बाल्सॅमिक व्हिनेगर द्राक्षाच्या रसापासून होते, त्यात राळेचा अंश नसतो. ते गुणकारी मानले जाई, म्हणून हे विशेषण. या तिन्हींचा यहुदियाच्या झाडाशी काही संबंध नाही. खऱ्या बाल्समचा जुना उपयोग जिवंत आहे तो कॅथलिक चर्चमध्ये. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि धर्मगुरूंची दीक्षा यांत जे पवित्र तेल लावतात, ते ऑलिव्हच्या तेलात बाल्सम मिसळून तयार केले जाते आणि पवित्र आठवड्यात बिशपांच्या हस्ते त्यावर आशीर्वाद मागितला जातो. गोव्यात आणि वसईतही हीच परंपरा आहे.

'साल्व्ह' आणि 'ऑइंटमेंट' या शब्दांचे संस्कृतशी नाते आहे, असे म्हणतात. ते खरे आहे का?

हो, आणि 'बाम'चे मात्र तसे नाते नाही. मलमासाठी इंग्रजीत जे तीन मुख्य शब्द आहेत, त्यांतला 'बाम' सेमिटिक वंशाचा आहे, तर उरलेले दोन संस्कृतच्या दूरच्या नात्यातले आहेत. संस्कृतमधून ते इंग्रजीत गेले असे मात्र म्हणता येणार नाही. दोन्ही भाषांच्या एका समान पूर्वज भाषेतून ते स्वतंत्रपणे दोन्हीकडे उतरले.

'साल्व्ह' हा अस्सल जर्मानिक शब्द. जुन्या इंग्रजीत तो 'सेआल्फ', आजच्या जर्मनमध्ये 'झाल्बे'. त्याच्या मुळाचा अर्थ चरबी किंवा लोणी, आणि त्याच मुळाचे संस्कृत रूप म्हणजे 'सर्पिस्', तूप. आपल्याकडे 'सर्पिस्'ची फोड 'सृप्', म्हणजे सरपटणे, या धातूवरून करण्याची परंपरा आहे, कारण पातळ तूप पसरत जाते. तुलनात्मक भाषाशास्त्राचा कौल मात्र स्निग्धतेच्या बाजूने आहे, आणि तोच मला पटतो. आयुर्वेदातील शतधौत घृत पाहिले की तूप आणि मलम यांचे नाते कळायला कोश उघडावा लागत नाही. तांब्याच्या परातीत साजूक तूप घेऊन, त्यात थंड पाणी घालून, तांब्याच्या भांड्याच्या बुडाने ते घोटत राहायचे, पाणी ओतून टाकायचे, पुन्हा नवे घालायचे, असे शंभर वेळा. हळूहळू तुपाचा पिवळेपणा आणि रवाळपणा जातो, वास जवळपास मरतो आणि हाती येते ते पांढरेशुभ्र, मऊ मलम, जे भाजलेल्या जागी आणि पायांच्या भेगांना लावतात. हे घृत अक्षरशः 'साल्व्ह' आहे.

'ऑइंटमेंट' आणि त्याचा जड भाऊ 'अंग्वेंट' हे लॅटिन 'उंगुएरे', माखणे, या धातूचे. त्याचा संस्कृत सोयरा म्हणजे 'अञ्ज्', माखणे किंवा लावणे. यावरून अंजन झाले, यज्ञात वापरायचे 'आज्य' झाले आणि 'अभि' उपसर्ग लागून अभ्यंग झाला. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून जे अभ्यंगस्नान होते, त्यातला 'अंग' हा शरीरवाचक शब्द आहे असे पुष्कळांना वाटते. तो शरीराचा नाही, माखण्याचा आहे.

याच ओघात एक सावधगिरी. 'साल्व्ह'चे स्पेलिंग लॅटिनमधील 'साल्वे', म्हणजे नमस्कार किंवा खुशाल असा, या शब्दासारखे दिसते, म्हणून 'साल्व्ह' आणि 'साल्व्हेशन' म्हणजे तारण यांची गाठ मारली जाते. दोघांची मुळे पूर्णपणे वेगळी आहेत.

मराठीतला 'मलम' या शब्दांपैकी कोणाचा?

कोणाचाच नाही. तो अरबी 'मरहम'वरून फारसीच्या वाटेने आला. हिंदी-उर्दूत 'मरहम' टिकला, मराठीत 'र'चा 'ल' होऊन 'मलम' रुळला आणि त्याला 'पट्टी' जोडून आपण राजकारणापर्यंत पोहोचणारा एक उपयुक्त शब्द तयार केला.

मराठी घरांत 'बाम' कसा आला? झंडू बामचा झेंडूच्या फुलांशी संबंध आहे का?

हा शब्द आपल्याकडे आला तो वैद्यकाच्या पुस्तकांतून नव्हे, बाटल्यांच्या लेबलांवरून. काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू उद्योजकाने १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केले, आणि त्याच मुंबईतून १९०८ मध्ये 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक काढले. हा कारभार पुढे मद्रासला गेला. 'अमृतांजन' या नावात अंजन आहे, म्हणजे 'ऑइंटमेंट'चा संस्कृत सोयरा, आणि त्याच्या शेजारी लेबलावर 'बाम' हा सेमिटिक शब्द. दोन भाषाकुळे एका झाकणाखाली, हे अर्थात कोणी ठरवून केलेले नाही.

झंडूचा झेंडूशी काही संबंध नाही. जामनगरचे नामांकित वैद्य झंडू भट्ट यांच्या नावावरून ते आले. त्यांच्या घराण्यातील जुगतराम वैद्य यांनी १९१० मध्ये मुंबईत औषध कारखाना उभा केला. टायगर बाममध्येही वाघाचे काही नसते. रंगूनमधील चिनी वैद्य ऑव चू किन यांच्या ज्या मुलाने हे औषध जगभर नेले, त्या ऑव बून हॉ याच्या नावाचा अर्थ वाघ होतो. फ्रेंच डॉक्टर ज्युल बेंगे यांच्या मलमाचे मूळ नाव 'बोम बेंगे' असे होते, म्हणजे तेथे आपला शब्द फ्रेंच पेहरावात होता. अमेरिकेत गेल्यावर त्याचे 'बेनगे' झाले आणि 'बोम' गळाला. आपल्या घरोघरी पोहोचलेल्या व्हिक्सच्याही आरंभीच्या अमेरिकन नावात 'साल्व्ह' हा शब्द होता.

आजच्या बाममध्ये मूळ बामचा अंश असतो का?

नसतो. बाजारातल्या डोकेदुखीच्या बाममध्ये मुख्यतः कापूर, पुदिन्याचे फूल म्हणजे मेन्थॉल, गंधपुऱ्याचे तेल म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट आणि निलगिरीचे तेल असते, आणि ही सगळी मेणात किंवा पेट्रोलियम जेलीत कालवलेली असतात. कापूर आणि पुदिन्याचे फूल हे दोन्ही खडे कोरडे असतात, पण एका बाटलीत घालून हलवले की पाण्याचा थेंब न घालता त्यांचे तेलासारखे द्रव बनते. घरगुती अमृतधारा याच गुणावर, ओव्याचे फूल जोडून, तयार होते.

लावल्यावर गार वाटते ते कातडीचे तापमान उतरल्यामुळे नव्हे. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर जो ग्राहक (संवेदना टिपणारा रेणू, इंग्रजीत रिसेप्टर) असतो, तोच मेन्थॉलने उघडतो आणि मेंदूला गारव्याची वर्दी जाते. तापमानाच्या आणि स्पर्शाच्या ग्राहकांवरील शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापुतियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या ग्राहकाचाही समावेश आहे. शब्दाचा 'शमवणारा' हा अर्थ त्यामुळे अगदीच पोकळ ठरत नाही. मात्र कापूर पोटात गेल्यास विषारी असतो आणि लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात, म्हणून दोन वर्षांखालील मुलांना कापूर असलेला बाम लावू नये, आणि नाकपुडीच्या आत तो कोणीच घालू नये.

'एम्बाम' म्हणजे प्रेत टिकवणे, हा शब्दही यातलाच का?

होय. प्रेतात सुगंधी राळ आणि मसाले भरण्याच्या क्रियेला जुन्या फ्रेंचमध्ये 'बाममध्ये घालणे' अशा अर्थाचे क्रियापद होते, तेच इंग्रजीत आले. आज त्या कामाला फॉर्मलीन वापरतात, नाव तेवढे जुनेच राहिले.

सुखद हवेला इंग्रजीत 'बामी' म्हणतात आणि वेड्यालाही. दोन्ही एकच का?

हवेचा 'बामी' याच शब्दाचा. प्रथम सुगंधी, मग मृदू, मग उबदार असा त्याचा अर्थ सरकत गेला. वेडसर या अर्थाचा शब्द खरे तर 'बार्मी' आहे आणि तो 'बार्म' म्हणजे दारूवर येणाऱ्या यीस्टच्या फेसावरून आला. डोक्यात फेस भरलेला, असा त्याचा भाव. इंग्लंडच्या दक्षिण भागात 'र' उच्चारत नसल्याने दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात आणि लिहितानाही एकमेकांत मिसळतात.

'लेमन बाम' नावाची वनस्पती कोणती? तिचे मलम होते का?

ती पुदिन्याच्या कुळातली, लिंबासारख्या वासाची औषधी वनस्पती आहे, शास्त्रीय नाव मेलिसा ऑफिसिनॅलिस. मेलिसा म्हणजे ग्रीकमध्ये मधमाशी, कारण मधमाश्या तिच्या फुलांवर झुंबड करतात. तिला 'बाम' हे नाव केवळ सुवासामुळे मिळाले. युरोपात तिच्या पानांचा चहा करतात आणि ती सॅलडमध्ये घालतात. आपल्याकडे काही रोपवाटिकांत तिची रोपे मिळतात, पण गवती चहा म्हणजे हीच असे समजू नये. गवती चहा गवताच्या कुळातला आहे.